अखाजीनंतरचा कप्पा

१

"पियुषदादा, अखाजीचा कप्पा दिसत नाही."

सोमवारी सकाळी सव्वानऊला भूमिकाचा फोन आला, तेव्हा मी चाळीसगावला घरी दाढी करत होतो. मे संपत आला होता. मी म्हटलं, "नीट बघ. हाताखालून कुठे सरकला असेल." लोकांच्या हातून फायली सरकतात आणि मग ते मला फोन करतात, यावरच माझं पोट चालतं.

"तीनदा बघितलं. नाहीच आहे. आणि आबांच्या टेबलावर तपासणीचं पत्र आलंय. एक्केचाळीस नंबरच्या झाडाला रोग निघाला."

मी अर्धी दाढी तशीच ठेवून जळगावची गाडी पकडली.

'तापीकाठ रोपशाळा' ही केळीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून जळगावच्या बाहेर काढलेली प्रयोगशाळा. चांगल्या झाडाचा कोंब आणायचा, बाटलीत वाढवायचा, एकाची हजारो रोपं करायची. बाटलीतून निघालेली रोपं ट्रेमध्ये लावून धुळ्याजवळच्या शेडमध्ये उन्हापाण्याला सरावायला ठेवतात. ट्रेवर फक्त नंबर असतो. कोणत्या मातृझाडाचं रोप कोणत्या ट्रेत, हे मुद्दाम लिहीत नाहीत. लिहिलं की शेतकरी 'मला अमक्याच्या मळ्यातलंच द्या' म्हणून अडून बसतात. ते फक्त भूमिकाच्या नोंदीत असतं, आणि त्या नोंदी मी सांभाळतो त्या सर्व्हरवर.

ऑफिसात सगळे उभेच होते. अध्यक्ष जीवराम आबा पंचाहत्तरीचे, पण आवाज खणखणीत.

"रोगाचं एक रोप जरी शेतात गेलं, तरी मावा कीड तो रोग साऱ्या पट्ट्यात नेईल," ते म्हणाले. "नोंद नाही, म्हणजे कोणतं रोप कुणाचं ते कळणार नाही. गुरुवारपर्यंत वाट बघू. नाहीतर बासष्ट हजार रोपं जाळायची. आणि ज्यानं हे केलं त्याला मी या आवारात ठेवणार नाही."

मी सर्व्हर तपासला. कप्पा शनिवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पुसला गेला होता. भूमिकाच्या कॉम्प्युटरवरून.

भूमिका दोंडाईच्याची. चोवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

"पियुष," आबा म्हणाले, "तू नेहमी परत आणतोस ना रे भो? मग आण."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ज्यानं कप्पा पुसला, त्यानं स्नॅपशॉटही पुसलेत. मुळासकट."

हे मी खोटं बोललो.

२

खरं काय होतं ते इथेच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला तरी फसवायला नको.

स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरने साठ्याचा दर तासाला काढलेला फोटो. फाईल चुकून उडाली तर मागच्या तासाचा फोटो उघडायचा आणि ती काढून द्यायची. मी रोपशाळेत पाच वर्षं हेच करत होतो. रुपचंदभाऊंचे तक्ते, कोकिळाताईंचं औषधांचं माप, आबांच्या नातीच्या साखरपुड्याचे फोटोसुद्धा मी परत आणलेत. लोक मला देव मानायचे, आणि मलाही ते आवडायचं.

हे काम करणारं जुनं साधन होतं साधंभोळं. सांगा न सांगा, दिसेल त्या प्रत्येक कप्प्याचा फोटो काढायचं. पण त्याला बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं होतं, आणि फोटोंनी डिस्क भरत चालली होती. म्हणून फेब्रुवारीत मी ते काढलं आणि नवी सेवा बसवली. ती शिस्तीची. जुने फोटो आपणहून आवरते, रोज सकाळी 'सर्व ठीक' असा निरोप पाठवते. फक्त एक आहे, ज्या कप्प्याचं नाव तिच्या यादीत असेल त्याचाच फोटो काढते. यादी मी हाताने लिहिली. सगळे कप्पे लिहिले.

नवं वर्ष लागलं की भूमिका नवा कप्पा उघडते, हे मला ठाऊक होतं. तो अधिकार मीच तिला दिला होता. म्हणून एक एप्रिलला मी आठवणीने बघितलं. नवा कप्पा नव्हता. मी खूश होऊन गप्प बसलो.

आता मला सांगा, खानदेशात शेतीचं वर्ष एक एप्रिलला कधी लागलंय? सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल अखाजीला संपतं, नवं अखाजीला ठरतं. रोपशाळा शेतकऱ्यांची, तिचं वर्षही अखाजीचंच. माझे वडील रेल्वेत, आमच्या घरी वर्ष मार्चअखेरीस संपायचं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही आमरस खायचो, एवढाच संबंध. भूमिकाने अखाजीच्या दुसऱ्या दिवशी कप्पा उघडला, बाटलीतून ट्रेत गेलेल्या सगळ्या रोपांचे नंबर त्यात लिहिले, आणि त्या कप्प्याचा एकही फोटो कधी निघाला नाही. 'सर्व ठीक' मात्र रोज येत होतं. यादीतलं सर्व ठीकच होतं.

कुणी काही पुसलंच नव्हतं. स्नॅपशॉट मुळात नव्हतेच. आणि मी एका वाक्यात माझी चूक उचलून पुसणाऱ्याच्या अंगावर टाकली. पुसणारी म्हणून सगळे बघत होते भूमिकाकडे.

संध्याकाळी आबांनी धुळ्याला फोन लावला. "चारुलता अक्कांना बोलावतो," ते म्हणाले.

३

चारुलता अक्का बीज तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या. राहायला धुळ्याला देवपुरात. एकदा त्यांनी पोत्याच्या शिवणीवरून बनावट कपाशी बियाणं पकडलं होतं, असं सांगतात. गावाकडे पोतं शिवणारा दोरा डावीकडून घालतो आणि कंपनीचं मशीन उजवीकडून, एवढ्यावर. मंगळवारी त्या पहिल्या एसटीने आल्या. बारीक चणीच्या, पायात कापडी बूट. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला यंत्रातलं कळत नाही. पियुषभाऊ, तुम्ही माझ्यासोबत बसा. अडलं तर सांगा." म्हणजे चोरालाच चावडीवर पंच बसवलं.

पहिली भूमिका आली. डोळे सुजलेले, कालचा डबा तसाच बंद.

"शनिवारी अर्धा दिवस होता, अक्का. एक वाजता डबा खाल्ला. मागे नळावर डबा धुवायला गेले. कॉम्प्युटर उघडाच राहिला."

"फोन आला होता का त्या वेळी?"

"माहीत नाही. नळावर काही ऐकू येत नाही."

"आणि हे स्नॅपशॉट का काय, ते कसे पुसायचे तुला येतं?"

"नाही येत. पण पियुषदादा म्हणतात म्हणजे पुसले गेले असतील."

माझं बोलणं ती स्वतःच्या विरुद्धसुद्धा खरं धरून चालली होती. मी वहीत उगाच रेघा ओढत बसलो.

दुसऱ्या कोकिळाताई. बाटल्यांतलं खाद्य शिजवण्याचा विभाग त्यांच्याकडे. भूमिकाशी त्यांचा चार महिने अबोला, कारण भूमिकाने आबांकडे चहाडी केली असा त्यांचा समज.

"मी कुकरपाशी होते," त्या म्हणाल्या. "एक-दहाला ऑफिसातला फोन वाजत होता. बराच वाजला, मग कुणीतरी उचलला. मला वाटलं हीच असेल. दुसरं कोण असणार?"

"आवाज बाईचा होता?"

"काच बंद होती हो. उगाच कुणाचं नाव कशाला घेऊ?" एवढा अबोला, पण नाव घेतलं नाही. माझ्यापेक्षा बरी बाई.

तिसरे रुपचंदभाऊ. रोपांचे मुकादम, अठरा वर्षं इथे, स्वभाव गरीब. "मी पावणेदोनला निघालो. रविवारी दिवसभर घरी," ते म्हणाले. उठताना दाराशी थांबले. "अक्का, पोरीला काही करू नका. ती तशी नाही."

साऱ्या आवारात भूमिकाची बाजू घेणारा हा एकटा माणूस, आणि मी जो दर मंगळवारच्या फेरीला तिच्या बाजूला बसून चहा पितो, तो गप्प.

दुपारी दोंडाईच्याहून भूमिकाचे वडील आले. पितांबरकाका. त्यांना कुणीतरी फोन केला होता. त्यांनी टोपी काढून आबांच्या पायावर ठेवली. "आबा, मनी पोर चोर नही शे," एवढंच म्हणत राहिले. आबांनी त्यांना उठवलं, पण शब्द दिला नाही. काका जाताना भूमिकाला म्हणाले, "चाल घर." ती म्हणाली, "अशी गेले तर मला कुठेच कुणी ठेवणार नाही, बाबा. गुरुवारपर्यंत थांबते."

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मनाशी ठरवलं, आता बाहेर जायचं आणि सांगायचं. बाहेर आलो तर अक्का पर्स खांद्याला लावून उभ्या.

"उद्या धुळ्याला शेडवर यायचं. तुम्ही चला."

मी म्हटलं, "येतो." एवढंच तोंडून आलं.

४

धुळ्याजवळची शेड म्हणजे दोन एकरांवर हिरवी जाळी. आत बाराशे चाळीस ट्रे, वीतभर उंचीची रोपं. मृगात लावायला शेतकऱ्यांनी खड्डे तयार ठेवलेले. आणि उद्या या साऱ्यावर डिझेल ओतायचं. मला ती कोवळी पानं बघवत नव्हती.

अक्का ओळीओळीने चालत गेल्या. टोकाला एका कोपऱ्यात जाळीच्या आत आणखी एक बारीक जाळी बांधलेली होती. मावासुद्धा शिरणार नाही अशी. तिच्या आत वेगळे काढलेले ट्रे.

"हे कधी हलवले?"

शेडवरच्या यशोदाबाईंनी नळी खाली ठेवली. "इतवारले रुपचंदभाऊ उना व्हता ना. उन लागस म्हने, ट्रे तथा ठेवा. मी म्हंतं, उन तं बठ्ठासले लागस. तो काही बोलना नही. एकलाच वेचत राह्यना, संध्याकायलोंग."

रविवारी घरी होतो म्हणणारे रुपचंदभाऊ संध्याकाळपर्यंत इथे एकटेच ट्रे वेचत होते.

अक्कांनी मला नंबर वाचायला सांगितले. एकशे बारा, तीनशे चाळीस, तीनशे एक्केचाळीस, नऊशे सात... अडतीस ट्रे.

"पियुषभाऊ, उन्हासाठी ट्रे हलवायचे तर माणूस एका कडेची रांग उचलतो. हे साऱ्या शेडमधून वेचून आणलेत. गव्हातून खडे वेचावेत तसे."

मला आता कुठे समजलं. "म्हणजे हे एक्केचाळीसचे..."

"बाकीची रोपं वाचली." त्यांनी लांब श्वास सोडला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमचा चेहरा का उतरला मग?"

५

परत येताना पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. टपरीवर उन्हात दोन खुर्च्या होत्या.

"मी मोठ्याने विचार करते. चुकलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "एक-दहाला फोन वाजला. तपासणीवाले पत्राआधी फोन करतात, सोमवारी पत्र पोचेपर्यंत एक्केचाळीस नंबर दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता. एक-वीसला कप्पा गेला. मधल्या दहा मिनिटांत कुणीतरी नोंद उघडून अडतीस ट्रेंचे नंबर उतरवून घेतले. नंतर नोंदच नव्हती, म्हणजे उतरवणारा आणि पुसणारा एकच. रुपचंद."

"हो," मी म्हटलं. माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलंही. भूमिका सुटली, चोर सापडला, आता मला कोण विचारतंय!

"पण मला एक पटत नाही. त्याने रविवारी भर उन्हात रोगाचे ट्रे वेगळे काढले, वर बारीक जाळी बांधली. का? बाकीची रोपं वाचावीत म्हणून. मग असा माणूस स्नॅपशॉटही पुसून टाकेल? म्हणजे बासष्ट हजार जळली तरी चालतील, असं करेल? ही दोन माणसं एका अंगात राहत नाहीत."

चहा आला.

"माणूस एक आहे, तर दोन गोष्टींतली एक खोटी. ट्रे मी डोळ्यांनी बघितले. स्नॅपशॉट पुसल्याचं मी नुसतं ऐकलं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "तुमच्या तोंडून."

टपरीवरचा पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. मी सगळं सांगितलं. फेब्रुवारी, यादी, एक एप्रिल, अखाजी.

"चूक कुणाचीही होते," शेवटी म्हणाल्या. "पण त्या पोरीचा बाप टोपी ठेवत होता तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"होतो."

"उद्या मी रुपचंदचं सांगेन. तुमचं मी सांगणार नाही. मला त्यासाठी बोलावलेलं नाही."

त्यांनी मला मोकळं सोडलं, आणि रात्रभर मला त्याचीच भीती वाटत राहिली.

६

गुरुवारी सकाळी सगळे आबांच्या खोलीत जमले. अक्कांनी फोन, दहा मिनिटं, अडतीस ट्रे, असं एकेक मांडलं. अर्ध्यावरच रुपचंदभाऊ उठून उभे राहिले.

"बस, अक्का. मीच केलं."

आबा बघतच राहिले. अठरा वर्षं कामावर असलेला माणूस!

"एक्केचाळीस नंबरचा कोंब कामिनीच्या सासरच्या मळ्यातला," रुपचंदभाऊ म्हणाले. कामिनी त्यांची मुलगी, मागच्या वर्षी रावेरकडे दिलेली. "मीच आणला. व्याह्याला अभिमानाने सांगितलं होतं, तुमचं झाड साऱ्या खानदेशात जाईल. रोग निघाला म्हटल्यावर त्यांची सारी बाग उपटणार, आणि बोल लागणार लेकीला. मला वाटलं तपासणी चुकली असेल. दुसऱ्यांदा पानं पाठवून बघू. दोन दिवस हवे होते, आबा. नोंद असती तर तुम्ही सोमवारी दुपारीच ट्रे जाळले असते."

"आणि बाकीची रोपं? या पोरीचं नाव?"

"मला वाटलं..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "पियुष परत आणतो ना नेहमी. मंगळवारी त्याची फेरी असते. मंगळवारी तो नोंद परत आणेल, तोवर पानांचा रिपोर्ट येईल, कुणाचं काही बिघडणार नाही. तो सोमवारीच आला आणि म्हणाला सगळं मुळासकट गेलं. मी इतकं कुठे पुसलं होतं? वाटलं, माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं. मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पेटवायच्या आधी बोललो असतो. बोललो असतो, आबा."

"रिपोर्ट?" अक्कांनी विचारलं.

"काल आला. रोगच आहे."

आबांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "रुपचंद, तू घरी जा. अडतीस ट्रे आजच जाळा. भूमिका, बाई, मला माफ कर. झालं. उठा."

खुर्च्या सरकल्या. खरंच झालं होतं. रुपचंदभाऊंनी माझा वाटाही उचलला होता, आणि मी नुसता उठलो असतो तर तो त्यांच्याच अंगावर राहिला असता. अक्का पर्सची चेन लावत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आबा, थांबा," मी म्हटलं. "रुपचंदभाऊंनी फक्त कप्पा पुसला. स्नॅपशॉट कुणीच पुसले नाहीत. ते नव्हतेच. नवी सेवा बसवल्यावर अखाजीचा कप्पा मी यादीत घातला नव्हता. घातला असता तर सोमवारी दहा मिनिटांत नोंद परत आली असती. मला ते सोमवारी सकाळीच कळलं होतं."

रुपचंदभाऊ मटकन खाली बसले.

"सोमवारी?" भूमिकाने विचारलं.

"हो."

"आणि मंगळवारी बाबा आले तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने आपला फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

"त्यांना सांगा. जसं आत्ता सांगितलंत तसं."

पलीकडून पितांबरकाकांचा आवाज आला. मागे बैलगाडीची घुंगरं वाजत होती. मी म्हटलं, "काका, मी पियुष. रोपशाळेतला. भूमिकाचा काही दोष नव्हता. ते आज सगळ्यांसमोर..."

मला पुढे बोलूच दिलं नाही त्यांनी. "तुमना भलता उपकार शे, भाऊ! मनी पोरना जीव वाचाडा तुम्ही. देव तुमले..." आणि त्यांना हुंदका आला.

मी भूमिकाकडे बघितलं. तिने फोन उचलला नाही.

"काका, उपकार नको. ऐका," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सांगितलं. चूक माझी होती. कळल्यावर खोटं बोललो. तुम्ही आबांच्या पाया पडत होतात तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

पलीकडची घुंगरं थांबली, काकांनी गाडी उभी केली असावी. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"पोर जेवनी का?" काकांनी विचारलं.

मी परत भूमिकाकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"नाही," मी म्हटलं. "सोमवारपासून नाही."